निम्मं गाव पडवळ

२००७ सालची एक सकाळ, सहा वाजून चाळीस मिनिटं. मंचरच्या एका खासगी डेअरीत स्नेहल हिंगे कॉम्प्युटरसमोर बसली होती. अवसरी बुद्रुकच्या घरी म्हशीची धार काढूनच ती कामावर येते. गावोगावच्या दूध केंद्रांचा डेटाबेस ती सांभाळते; एखादा शोध रेंगाळला की तिच्या स्क्रीनवर लाल इशारा येतो. आज तो महाळुंगे पडवळच्या केंद्राचा होता. शेतकऱ्याचं खातं सापडल्याशिवाय पावती निघत नाही, पावतीशिवाय दूध घेत नाहीत आणि टँकर सातला सुटणार होता.

तिने केंद्रचालकाला फोन लावला. "अमृतभाऊ, काय शोधताय?"

"पडवळ आडनाव टाकलंय. लई येळ नुसतं फिरतंय."

"अहो, तुमचं निम्मं गाव पडवळ! सगळ्यांचं दूध मोजत बसलंय ते. खातेनंबर टाका."

"नंबर कुणाच्या ध्यानात ऱ्हातोय, ताई?"

"मग एवढ्या पडवळांत हाक कशी मारता?"

"मळ्यावरनं. ह्यो बघा, चिंचमळ्यातला सावळाराम हुबा हाय."

"पत्त्यात मळा आहेच की. तोच टाका."

तिने अडकलेला शोध थांबवला. इशारा विझला, फोनमध्ये प्रिंटरची करकर ऐकू आली.

"निघाली पावती, राव!"

सातला टँकर सगळं दूध घेऊन सुटला. दुपारी स्नेहलने केंद्रांची खातं शोधायची स्क्रीन बदलली. उद्या सहाला केंद्र उघडेल, तेव्हा पहिला रकाना मळ्याचा असेल.