दोन वाजता झोपणाऱ्या बाई

मानसशास्त्राच्या पुस्तकांत समुपदेशकाने जे जे करू नये म्हणून लिहिलं आहे, ते ते सगळं रोज करून मुलांना मार्गी लावणाऱ्या एकच बाई मी आजवर पाहिल्या, आणि प्रात्यक्षिकासाठी मला नेमकं त्यांच्याच हाताखाली पाठवण्यात आलं. मी चिखलीची, म्हणून जवळची अमडापूरची एक शाळा मिळाली. चार महिने तिथे काम करायचं आणि शेवटी बाईंचा अहवाल कॉलेजात द्यायचा. तो वाईट आला तर वर्ष गेलंच.

बाईंचं ऑफिस म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. एका कोपऱ्यात लेझमी, दुसऱ्यात हवा गेलेले फुटबॉल, भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा. बाई येताना भाजीची पिशवी घेऊनच येत आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला निवडायला बसवत. एकदा एक वडील आरडाओरडा करत आत शिरले. बाईंनी गवारीचं ताट त्यांच्यापुढे सरकवलं. "बोला दादा, पण हात रिकामे ठेवू नका." पहिली पाव किलो गवार मोडेपर्यंत ते शाळेला बोलले, दुसऱ्या पाव किलोत दमले आणि शेवटी मान खाली घालून म्हणाले, "चूक माहीच हाय, बाई. घरी मीच लय मारतो त्याले." मग मात्र बाईंनी ताट बाजूला ठेवलं आणि तासभर त्यांच्याशी अशा बोलल्या, की मी वहीत लिहायचंही विसरले.

माझ्याकडे गवार नव्हती, चाळीस प्रश्नांची छापील यादी होती. मूल समोर बसलं की माझ्या तळहातांना घाम सुटायचा आणि मी कापऱ्या आवाजात यादी वाचायला लागायचे, तीही ठेवणीतल्या शुद्ध मराठीत. "तुला अलीकडे उदास वाटतं का?" पोरं "नाही मॅडम" म्हणून घड्याळाकडे बघत. एकीने तर मलाच विचारलं, "मॅडम, तुमाले बरं नाई वाटत काय?" बाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "पोरी, तू त्याइचं ऐकून राह्यली का पेपर सोडवून राह्यली?"

बाईंची आणखी एक सवय म्हणजे दुपारी दोनची झोप. समोर मुख्याध्यापक असोत की शिक्षणाधिकारी, दोन वाजले की बाई खुर्चीत ताठ बसल्या बसल्या झोपायच्या. दहा मिनिटांनी उठून बोलणं तुटलं तिथूनच पुढे सुरू करायच्या.

त्याच दिवसांत सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत एक शब्दही बोलली नव्हती. वर्गशिक्षक तिला हट्टी म्हणत. महिनाभरात फरक पडला नाही तर पालकांनी तिला घरी न्यावं, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं. तीन वेळा ती माझ्यासमोर बसली आणि तिन्ही वेळा माझी यादी संपली. प्रात्यक्षिक सोडण्याचा अर्ज मी लिहून पर्समध्ये ठेवला. चौथ्या वेळी बाईंना म्हटलं, "आज तुम्ही बसा सोबत." त्या बसल्या. दुर्दैवाने तेव्हा दोनला पाच कमी होते.

पाच मिनिटांनी बाई घोरू लागल्या. साधंसुधं नाही, चढावर एसटी गिअर बदलते तसं. मुलीचे ओठ थरथरले. मी पदर तोंडात कोंबला. मग दोघींनाही हसू आवरेना. बाईंचा चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला.

"पडन ना तो," मुलगी कुजबुजली.

माझ्या यादीत यापुढचा प्रश्न नव्हता. "मंग काढून घे हळूच," मी म्हणाले.

तिने तो काढला, गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला आणि थबकली. भिंतीकडे बघत उठली. "मॅडम, या नकाशावर अक्षरं हायेत?" आणि मग बोट न लावता, लांबूनच वाचू लागली, "मेहकर... चिखली... सोनाळा..."

तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं. अंदाजाने वाचलं म्हणून वर्ग हसला होता, तेव्हापासून तिने तोंडच उघडलं नव्हतं. तिच्या आत्याची नजर अशीच गेली, तेव्हा घरच्यांनी आत्याची शाळाच बंद केली होती. "घरी सांगू नका, मॅडम. मले शाळेतून काढतीन."

"नाही काढणार. मी येईन तुह्या घरी," मी म्हणाले. हे मी म्हणाले, याचं मलाच नवल वाटलं. तळहात कोरडे होते.

त्या दिवशी बाई चांगल्या पाऊण तासाने उठल्या. "चष्मा कुठं गेला माहा? अन् उठवलं काऊन नाही मले?"

"बाई, ती बोलत होती."

बाईंनी हात पुढे करून तो चष्मा नुसता चाचपला, मुलीच्या नाकावरून काढला मात्र नाही.

मुलीच्या घरी वडिलांशी मी एकटीच बोलले. बाई अंगणात तिच्या आईशी वांग्यांबद्दल बोलत बसल्या. वडिलांनी त्याच आठवड्यात डोळे तपासून आणले. साधा नंबर होता. मग मुलगी इतकी बोलू लागली, की वर्गशिक्षक त्याचीच तक्रार घेऊन आले. मी पर्समधला अर्ज फाडून टाकला.

अहवालात बाईंनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. "सातवीतली मुलगी बोलली, त्या वेळी मी झोपले होते. प्रशिक्षणार्थीने काम एकटीने केले."

आता मी मेहकरकडच्या एका शाळेत आहे. बाई निवृत्त होऊन लेकीकडे नाशिकला गेल्या. परवा फोन केला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं म्हणे, तरी मी माझ्या शाळेचं सगळं सांगत राहिले, त्या "हाव, हाव" करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "पोरी, निम्मं तं मले समजलंच नाही. पण तुहा आवाज आता कापत नाही. तेवढं आलं ऐकू."