टाचणीबाईच्या घरातलं हसू

शिवताना टाचण्या ओठांत धरायची तिची सवय, म्हणून गल्लीने तिचं नाव पाडलं टाचणीबाई. नवरा म्हणायचा, "बरंय, तेवढा वेळ तरी घरात शांतता!" हसण्याला त्या घरात तोटा नव्हता.

मग नऊ वर्षांच्या लेकीला ताप आला आणि तापामागोमाग झोप. तोंडात घास असताना पोर झोपायची. हसली की गुडघ्यांतलं बळ जायचं आणि जागच्या जागी कोसळायची. तेव्हापासून घरात हसायला बंदी. गिऱ्हाइकंसुद्धा मापं देताना तोंड मिटून उभी राहत.

लेक सांगायची, "झोप लागताना उशाशी एक बाई बसते. तिच्या ओठांत टाचण्या असतात."

रोज दुपारी उशाशी काजं करत बसायची ती टाचणीबाईच. पोर आईलाच भ्यायली होती! तिने टाचण्या तोंडात धरणं सोडलं, बसणं बाहेरच्या खोलीत हलवलं. आठवड्याने लेक म्हणाली, "आई, तू गेलीस, पण ती अजून बसते."

"या आजारात असे भास होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुंपणानेच शेत खाल्लंय. शरीराच्या राखणदारांनी मेंदूतल्या जागं ठेवणाऱ्या पेशीच मारल्यात. हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं सलाईनमधून देऊन हे राखणदार आवरतात का बघू. गुण येईलच असं नाही, पण आजार नवा आहे. उरल्यासुरल्या पेशी वाचल्या तर वाचल्या."

तीन महिने, दर महिन्याला सलाईन. तिसऱ्या खेपेनंतर पोर जेवण संपेपर्यंत जागी राहू लागली. आता हसवून बघायचं होतं. दोघं तिच्या दोन बाजूंना हात पसरून उभी राहिली. नवऱ्याने सुरुवात केली.

"तुझी आई जन्मली ना, तेव्हा रडलीच नाही. तोंडात टाचण्या होत्या!"

पोर खदखदून हसली. गुडघे लटपटले, पण सावरले. टाचणीबाई हसता हसता रडायलाच लागली.

तेवढ्यात लेकीने आईच्या खांद्यामागे पाहिलं. "आई, ती पण हसली. सगळ्या टाचण्या सांडल्या बघ तिच्या."

टाचणीबाईच्या तळपायाला काहीतरी टोचलं. शिवणाऱ्याच्या घरात जमिनीवर टाचण्या असायच्याच, असं तिने स्वतःला बजावलं, पण खाली बघायचा धीर होईना. लेक मात्र दोन्ही पायांवर घट्ट उभी होती, टक्क जागी.