धरून बसणारी रिले

आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीची पाण्याची मोटार लाईट गेली की बंद पडायची आणि लाईट आल्यावर आपणहून सुरू व्हायची नाही. म्हणून तिचं पॅनेल घेऊन मी शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, पॅनेल उघडलं. "तुमची रिले, म्हंजे ह्यो मोटार चालू-बंद करणारा खटका, विसराळू हाय. धरून बसणारी टाकू. लाईट गेली तरी ती होती तशीच राहती."

"मग तिला बॅटरी लागत असेल?"

"छ्या! धरून बसायला करंट लागत न्हाय. सोडायला लागतो."

तसली रिले त्याच्याकडे नव्हती. "शेजारी मिळंल," तो म्हणाला. शेजारचं दुकान त्याच्या थोरल्या भावाचं. मधे पत्र्याची भिंत, आणि दोघांत बोलणं नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

मी तिथं जाऊन रिले मागितली. भाऊ म्हणाला, "त्याला विचारा, एका कॉइलची का दोन?" पलीकडे स्पष्ट ऐकू गेलं होतं. तरी मी जाऊन विचारलं. "दोन," तो म्हणाला.

नवी रिले जोडून तो तपासत होता, तेवढ्यात लाईट गेली. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, तुमच्यात बी गेली का?"

"व्हय की. तुझ्यात?" पत्र्यापलीकडून थोरल्याचा आवाज आला.

"गेली."

त्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. 

थोड्या वेळानं लाईट आली. रिले होती तशीच होती. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला म्हणाला, "जरा विचारून या, त्यांच्यात आली का."