फेस बसेल म्हणून

एरवी उन्हाळ्यात दुपारची मी कूलरसमोर आडवी झाले, की लगेच डोळा लागतो. आज लागत नाही. संध्याकाळी यांचे मासे पाळणारे मित्र, वाकोडे भाऊजी येणार आहेत, हॉलमधली समुद्राची टाकी बघायला. मी हो म्हटलं तर प्रवाळ, मासे, दगड, सगळं घेऊन जातील. नागपूरसारख्या गावात माझ्या नवऱ्याने घरात समुद्र मांडला आणि मागच्या दिवाळीआधी तो माझ्या गळ्यात टाकून निघून गेला. मी अजून हो म्हटलेलं नाही.

कूस बदलते. कूलरच्या घरघरीत दुसराच एक आवाज मिसळतोय, बारीक, गुळगुळ करणारा. टाकीखालच्या कपाटातला स्कीमर. पण तो तर मी तेरावं झाल्यावर बंद केला होता.

"वसू, झोपून राहिली का?"

मोरेश्वर कपाटासमोर उकिडवे बसले आहेत. अंगात बनियन, खांद्यावर टाकीचाच म्हणून वेगळा ठेवलेला टॉवेल. मी घाबरत नाही. मला राग येतो, चांगला सणसणून.

"स्कीमर कोणी बंद केला?"

"मी."

"कायले?"

गेलेला माणूस भेटतो आणि पहिली चौकशी स्कीमरची करतो. मुलगी कशी आहे, तू जेवतेस का, काही नाही.

"आवाज सहन होत नव्हता," मी म्हणते. "आणि बघा, काही मेलं नाही. एक मासा नाही, एक प्रवाळ नाही. वाकोडे भाऊजी जन्मभर हेच सांगत होते तुम्हाला. मासे कमी ठेव, पाणी बदलत राहा, ते यंत्र लागत नाही."

त्यांचं यंत्र म्हणजे एक उभी नळी. खालून बारीक बुडबुडे सोडायचे, माशांची घाण त्या बुडबुड्यांना चिकटते, फेस होऊन वर चढते आणि वरच्या कपात साचते. तपकिरी, घाण वासाचं पाणी. तो कप रोज सकाळी जुन्या टूथब्रशने घासल्याशिवाय मोरेश्वर चहाला तोंड लावत नसत. तो फेस भाऊजींना दाखवून म्हणत, "हे सारं टाकीत राहिलं असतं न!" भाऊजी म्हणत, "राहू दे न, बदलून टाक पाणी." दोघांचा हा वाद आमच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं चालला. मी पोहे करत राहिले.

मोरेश्वर काचेला नाक लावून बघतात. जांभळं प्रवाळ छान फुललेलं आहे. त्यांना ते आवडतंय आणि आवडलेलं दाखवायचं नाहीये.

"पाणी कोण बदलते?"

"मी. दर रविवारी. मीठ कालवून, बादल्या उचलून. कंबर धरते माझी."

ते मान मागे टाकून हसतात. "मंग जगणारच न! यंत्राचं काम तू करून राहिली आणि म्हणते, यंत्र लागत नाही."

खरं आहे ते. म्हणूनच अंगाची आग होते. हा माणूस मरूनही मला कामाला लावून गेला आणि वर वादही तोच जिंकतोय.

"थांब, कप धुऊन येतो," म्हणत ते कपाटात शिरतात. मीही वाकून मागोमाग शिरते. आत धंतोलीच्या दवाखान्याचा लांब पॅसेज आहे. पायाखाली पांढरी वाळू, बाकांवर माणसं नंबरची वाट बघत बसलेली, आणि काउंटरच्या काचेपलीकडे बाईच्या जागी आमचा पिवळा मासा तोंड उघडझाप करतोय.

"नाव?" मोरेश्वरच विचारतात. आता काउंटरपलीकडे ते आहेत.

"नाव तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी इथे यायचं होतं आपल्याला. मी चपला घातल्या होत्या. स्कूटरची चावी हातात होती."

"गॅस झाला होता मले."

"गॅस नव्हता! घामाने बनियन भिजलं होतं तुमचं. छातीला बाम चोळते म्हटलं, तर हात झटकलात माझा. काय म्हणालात, आठवतं?"

ते टॉवेलने काच पुसत राहतात.

"मी सांगते. म्हणालात, 'बाम नको, हाताले लागंल. तेलकट हात पाण्यात गेला की फेस खाली बसते, मंग दिवसभर स्कीमर काम नाही करत.' कप धुऊन निघतो म्हणालात. मी दारात उभी होते."

पॅसेज राहिलेला नाही. आमचाच जिना आहे, पायऱ्या ओल्या, आणि ते दोन पायऱ्या खाली उभे आहेत. हातात कप.

"एकदाच सांगा," मी म्हणते. "चूक झाली म्हणा. त्या फेसापायी जीव गेला म्हणा. मग मी ही टाकी आयुष्यभर सांभाळीन. देवाशपथ सांभाळीन."

ते विचार करतात. मनापासून करतात, मला दिसतं. मला वाटतं, आता बोलतील.

"वाकोडेचं खरं नाही," ते म्हणतात. "लहान टाकीले चालते. आपली मोठी आहे."

मी खाली उतरते आणि उजवा हात त्यांच्या छातीवर ठेवते. चोळायचाच आहे मला, आता तरी. पण तिथे कापड लागत नाही, कातडी लागत नाही. कोमट पाणी लागतं. हात मनगटापर्यंत आत जातो. मी आत चाचपडते, इकडे, तिकडे, खूप वेळ. काही लागत नाही.

मोरेश्वर माझ्या हाताकडे काळजीने बघतात.

"काही लावून नाही आली न हाताले?"

जाग येते. कूलर चालू आहे, बाकी काही नाही. उशी कोरडी, चादर कोरडी, डावा हात कोरडा. उजव्या हाताची पाचही बोटं पांढरी पडून टोकाशी सुरकुतली आहेत, धुण्याच्या बादलीत राहिल्यावर होतात तशी. मी ती बराच वेळ बघत बसते.

मग फोन उचलते. त्या बोटांना फोन दाद देत नाही. डाव्या हाताने लावते.

"भाऊजी, संध्याकाळ कशाला? आत्ताच या. सगळं घेऊन जा."

"बरं केलं वहिनी. स्कीमर तेवढा नको बरं मला, मोरेश्वरला मी शेवटपर्यंत सांगत होतो, की हे यंत्र..."

"तुमचंच खरं," मी म्हणते. "या लवकर."

उजवी मूठ मी मिटून घेते. बोटं अजून सुरकुतलेलीच आहेत.