सीनियॉरिटीने वाटलेली दुकानं

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या माणसाला रस्त्याचं वावडं असतं. आमच्याकडे क्वार्टर मिळायचं ते सीनियॉरिटीने, आणि सीनियर माणूस नेहमी मागचं, झाडाजवळचं, बिनधुळीचं क्वार्टर उचलायचा. रस्त्याकडेचं नव्या पोरांच्या वाट्याला. बाबा तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. मी मात्र निघालो ब्रोकर, भोपाळभर दुकानं आणि ऑफिसं भाड्याने लावून देणारा.

बाबा रिटायर झाले तेव्हा त्यांनी आणि बरोबरच्या काहींनी मिळून कोलार रोडवर एका नव्या इमारतीचा तळमजला घेतला. पैसे सगळ्यांनी सारखे घातले, दुकानं नंतर वाटून घ्यायची. पेन्शन नव्हतीच. बाबांचा सगळा फंड त्यात गेला. आता दुकानाच्या भाड्यावर आईबाबांचं घर चालायचं होतं.

मी म्हटलं, चिठ्ठ्या टाका. मी देवळात चपला घालून शिरलोय असे सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटणी सीनियॉरिटीनेच! त्यात बाबा सगळ्यांत सीनियर. चला, रस्त्यावरचं दुकान आपलंच, म्हणून मला हायसं वाटलं.

बाबांनी एकेक दुकान फिरून पाहिलं, खिडक्या उघडझाप केल्या आणि बोट ठेवलं ते पार मागच्या कोपऱ्यावर.

“बाबा, तिथे गिऱ्हाईक चुकूनसुद्धा फिरकायचं नाही!”

“अरे, सकाळचं ऊन आहे, वारा आहे. पुढे ट्रकचा धूर कोण खाणार?”

“तुम्हाला काय राहायचंय का तिथे?”

“तू दलाल माणूस. तुला रस्ताच दिसणार.”

बाकीच्या साहेबांनी माना डोलावल्या आणि भराभर मागची दुकानं धरली. रस्त्यावरचं उरलं ते सगळ्यांत ज्युनियर, कारखान्याच्या स्टोअरमधल्या क्लार्ककाकांना. ते बिचारे हिरमुसले. त्यांची समजूत काढायला बाबा त्यांना चहा पाजून आले. कप्पाळ माझं! थोड्याच दिवसांत तिथे औषधांचं दुकान लागलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

बाबांचं दुकान मी कितीजणांना दाखवलं! जो तो आत येऊन “हवा तो बढ़िया है” म्हणायचा आणि चालू पडायचा. आईने आधी कामवाली बंद केली, मग पेपर. बाबा जेवताना बोलेनासे झाले. मला त्यांचा राग यायचा, आणि रागापेक्षा वाईटच जास्त वाटायचं.

शेवटी अरेरा कॉलोनीतलं माझं चांगलं चालणारं ऑफिस सोडून मीच तिथे जाऊन बसलो. बाबांनी माझ्याशी रीतसर भाडेकरार केला. भिंतीला खिळा ठोकणार नाही, हेही कबूल करून घेतलं.

पहिलं भाडं हातात पडलं त्या दिवशी बाहेर क्लार्ककाका भेटले. बाबांचा आवाज फार दिवसांनी खणखणीत लागला.

“आमचंही लागलं हो भाड्याने! भला माणूस मिळाला. आणि सांगतो, मध्ये दलाल लागला नाही.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

“खरंय काका,” मी म्हटलं. “मी थेट मालकांशीच बोललो.”