नाव कुठं लावायची?

मासेमारीच्या सोसायटीत दुष्काळाची चार वर्षं मी सेक्रेटरी होतो. तलावात पाणी साचलं न्हाई, किस्से मात्र लई साचले! आता सांगतानासुद्धा दम लागतो.

*

अणदूरच्या पुढच्या तलावावर सोसायटीनं नाव आणली. चालवायला रसूलचाचा. वीस वर्षं कोकणात शिडाच्या होड्यांवर काढून गावी परतलेले. इथंही त्यांनी डोलकाठी उभी करून शीड चढवलं! नाव कुठं लावायची, आपण कुठं राहायचं, हे ठरवायला दोन दिवस सगळा काठ पालथा घातला. वारा कुठून येतो, खडक कुठं, चिखल कुठं.

चेअरमन माणिकराव वैतागले. "चाचा, लेकीला स्थळ बघताना आमी एवढं फिरलो न्हाई!"

"लेक सासरी टिकती, माणिकराव. पाण्याचं काय सांगावं?"

*

पाणी हटलं. चाचांनी नाव पुढं नेली. ती नजरेसमोर पाहिजे, म्हणून झोपडीही नेली. परत हटलं, परत झोपडी. चौथ्या खेपेला त्यांची बायको हलीमाबी चुलीपाशी बसूनच राहिली.

"निकाह मेरे से पढे थे, के नाव से?"

तिथून पुढं झोपडी हलली न्हाई. चाचा भाकरी खायला अर्धा कोस चालत यायचे.

*

रेशनकार्डाच्या कारकुनानं चाचांना पत्ता विचारला.

"तलावाचा काठ."

"नक्की कुठं?"

"साहेब, कार्ड कधी मिळंल ते सांगा. तवाचा काठ सांगतो!"

*

जिल्ह्याचे एक साहेब इन्स्पेक्शनला आले. भेगाळलेल्या गाळात नाव कलंडलेली.

"नाव पाण्यात का नाही?"

सबब शोधायचंही त्राण माझ्यात न्हवतं. म्हणालो, "साहेब, नाव जाग्यावरच हाय. पाणी रजेवर गेलंय."

साहेब हसले न्हाईत. "रुजू कधी होणार, काही कळवलंय?"

*

मग तलावातच गाळ काढायचं दुष्काळी काम निघालं. आसपासच्या गावांतल्या बाया तान्ही पोरं घेऊन यायच्या. औषधाला सावली न्हाई. इकडं मिटिंगमध्ये ठरलं, नाव मोडायची, लाकूड विकायचं. चाचांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ऐकून ते एवढंच म्हणाले, "बरं."

ठरल्या दिवशी भर दुपारी माणिकराव, करवत घेतलेला सुतार आणि मी गाळ तुडवत गेलो. नाव दगडं लावून सरळ केलेली. शीड आडवं ताणून तिच्यावर छप्पर घातलेलं. चाचा मागं सुकाणूपाशी बसलेले.

माणिकराव लांबूनच ओरडले, "चाचा, उतरा खाली!"

चाचांनी ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला. चौदा सवाऱ्या झोपल्यात."

माणिकरावांनी आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पायातल्या कुरकुरणाऱ्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि त्या तापलेल्या गाळातनं अनवाणी माघारी निघाले.