सबनीसकाकांचे थंड इंजिन

सबनीसकाका आमच्याकडे आले की आधी वर येत नसत. सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकखाली कारपार्कमध्ये माझ्या गाडीमागे उकिडवे बसत, धुराच्या नळीत बोट फिरवत, बोटाला लागलेली काजळी अंगठ्याने चोळून पाहत आणि मगच लिफ्टमध्ये शिरत. दारात पहिला प्रश्न असे, "आठवडाभर फक्त एमआरटी स्टेशनपर्यंतच फिरवलीस ना गं?" काजळीवरून ते हे कसे ओळखत, देव जाणे. चहा उभ्यानेच पीत. बसा म्हटले तर दोन मिनिटे टेकत आणि तिसऱ्या मिनिटाला माझ्या गळक्या नळापाशी असत. मी दिवसभर ऑडिटच्या फायली तपासून आलेली असे. घरी आणखी कोणी काही तपासलेले मला नको असे. त्यामुळे त्यांचा राग यायचा. आता ते नाहीत, तर तो नळ पुन्हा गळतो आहे आणि मी प्लंबरला बोलावत नाही.

गाडी मुळात त्यांचीच. छोटी, पांढरी, तेव्हा बारा वर्षांची. काकांनी तीस वर्षे शिपयार्डमध्ये जहाजांची इंजिने दुरुस्त केली, पण गाडी चालवायच्या मालतीकाकू. काकूंना अर्धांगाचा झटका आला, त्या तोआ पायोहच्या नर्सिंग होममध्ये गेल्या आणि गाडी मी घेतली. अट एकच. दर रविवारी काकूंना सकाळी घरी आणायचे, संध्याकाळी परत सोडायचे. टॅक्सीत बसवले की काकू घाबरून रडत. या गाडीत मात्र डॅशबोर्डवर हात ठेवून शांत बसत.

ती गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. धुरात कार्बन मोनॉक्साइड फार जास्त. रोड टॅक्स संपायला आठ दिवस उरले होते, आणि तपासणी पास झाल्याशिवाय तो भरता येत नाही. म्हणजे त्याच्या पुढच्या रविवारपासून काकूंचे घरी येणे बंद.

काकांचे पाय आधीच कुठे ठरत नसत, आता तर झोपही उडाली. त्यांनी प्लग काढून पाहिले, एअर फिल्टर बदलला, ऑक्सिजन सेन्सरच्या तारा चाचपल्या. मला ऑफिसात फोन करून विचारत, "मीटिंगमध्ये आहेस? बरं, मग नुसतं ऐक." आंग मो किओच्या गॅरेजमधला लिम सरळ म्हणाला, "ओल्ड कार, अंकल. चेंज ऑल लाह." काका भडकले. त्यांचे ठरलेले वाक्य होते, "भाग बदलत सुटणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि काढून टाकणं तर मुळीच नव्हे." दुसरे एक होते, "गाडी खोटं बोलत नाही, मालक बोलतो."

मला गाडीतले काही कळत नाही, पण माणसांचे कळते. ऑडिटला बसले की समोरचा सगळ्या पानांवर भरभरून बोलतो आणि एक पान झटकन उलटतो. काकांचे तसे चालले होते. तापमानाचा काटा कायम तळाशीच असतो, हे मी तीनदा सांगितले. तिन्ही वेळा त्यांनी विषय बदलला.

चौथ्यांदा मी ते गॅरेजमध्ये, काकांसमोरच, लिमला सांगितले. त्याने थंड इंजिन चालू केले आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या रबरी पाइपवर हात ठेवला. पाइप लगेच कोमट होऊ लागला. असे व्हायला नको, तो म्हणाला. इंजिन पुरते तापेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची झडप पाणी अडवून धरते. त्याने चार बोल्ट काढून झाकण उघडले. आत झडपच नव्हती. शिवाय पंख्याची तार थेट जोडलेली. गाडी चालू असेपर्यंत पंखा चालूच. लिम हसत सुटला, कोणत्या गाढवाचे हे काम म्हणून.

"माझं," काका म्हणाले. आधी त्याला इंग्रजीत, मग माझ्याकडे वळून मराठीत.

सहा वर्षांपूर्वी काकू एक्स्प्रेसवेवर एकट्या असताना गाडी उकळली होती. बॉनेटमधून वाफ, मागे हॉर्न. घरी आल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर टाकली आणि पुन्हा चालवणार नाही म्हणाल्या. काकांनी दुसऱ्याच दिवशी झडप काढून टाकली. त्यांना सांगितले, दुरुस्त केली. काकू पुन्हा गाडी चालवू लागल्या.

"आणि तुम्ही विसरलात?"

"विसरलो असतो तर बरं झालं असतं."

त्यापुढचे त्यांनी खाली बघूनच सांगितले. इंजिन नीट तापतच नव्हते, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर जास्तीचे पेट्रोल सोडत राहिला. तो खराब धूर इतकी वर्षे नळीतला कॅटलिटिक कन्व्हर्टर साफ करत होता; आता त्यालाही ते झेपेना. मला त्यांची फार दया आली आणि तितकाच रागही आला, कारण तीन दिवस वाया गेले होते.

लिमने नवी झडप बसवली, पंखा पूर्ववत केला. मुदतीला दोन दिवस राहिले असताना गाडी पास झाली.

रविवारी आम्ही काकूंना घेऊन निघालो. एक्स्प्रेसवेवर काटा तळापासून उठला आणि मध्यावर येऊन थांबला, जिथे तो असायला हवा तिथेच. काकूंनी सहा वर्षांत तो तिथे पाहिला नव्हता. त्या डॅशबोर्डवर थापा मारू लागल्या. झटक्यानंतर त्यांना मोजकेच शब्द येत. "तापली. अहो, तापली."

मी समजावू लागले की उलट हेच बरोबर आहे. काकांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या एक्झिटला उतर आणि कुठेतरी थांब."

एका कारपार्कमध्ये थांबलो. काका उतरले, बॉनेट उघडले आणि उन्हात उभे राहिले. फटीतून मला त्यांचे हात दिसत होते. ते कशालाही लागले नाहीत. पुरती दहा मिनिटे तो माणूस जागचा हलला नाही. मग बॉनेट लावून काकूंच्या खिडकीशी आले. "बरोबर ओळखलंस मालती, तापली होती. बघितली मी. आता जाऊ या." काकूंनी हात मांडीवर घेतला.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक रविवारी हे असेच चालले. मागच्या पावसाळी डिसेंबरात काका गेले. काकूंना मी अजून आणते, आता माझ्या घरी. परवाच्या रविवारी त्या पुन्हा म्हणाल्या, "तापली." मी एक्स्प्रेसवेवरून बाहेर पडून गाडी थांबवली, बॉनेट उघडले आणि ज्यातले मला काडीचे कळत नाही त्या इंजिनासमोर दहा मिनिटे उभी राहिले. मग खिडकीशी जाऊन म्हणाले, "बघितली मी, काकू."